विश्लेषण : फी माफ, पण मेस आणि बसचे काय? ‘स्थानिक’ विद्यार्थ्याला नेमकी कोणती मदत मिळते?

प्रवेशाच्या यादीत नाव आले, शिष्यवृत्तीचा अर्जही भरून झाला. त्यानंतर घरात जो हिशेब मांडला जातो, त्यात फीपेक्षा इतर रकानेच जास्त असतात. खोलीचे भाडे, मेस, बसचा पास, पुस्तके, परीक्षेच्या काळातला वरखर्च. महाराष्ट्रात शासनाच्या आणि विद्यापीठांच्या मदतीच्या योजना कमी नाहीत. मात्र त्या योजनांमध्ये ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ दर वेळी वेगळा आहे. एके ठिकाणी तुम्ही स्थानिक आहात म्हणून सवलत मिळते, दुसऱ्या ठिकाणी स्थानिक आहात म्हणूनच अर्ज बाद होतो. हे कसे, आणि अशा वेळी विद्यापीठांची ‘कमवा व शिका’ योजना कितपत उपयोगी पडते?

फीची सवलत नेमकी कशावर?

खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन भरते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये असून, खर्चाचा वाटा केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा आहे.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मुलींसाठी मोठा निर्णय घेतला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे ‘कॅप’मधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत नाही.

‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ अशा मथळ्यांमुळे अनेक पालकांचा समज असा झाला, की आता खर्च काहीच नाही. निर्णयात शब्द आहेत ते ‘शिक्षण शुल्क’ आणि ‘परीक्षा शुल्क’. वसतिगृह, मेस, प्रवास, लॅपटॉप यांचा त्यात समावेश नाही. अभियांत्रिकी किंवा फार्मसीला जाणाऱ्या मुलीचे यातून खरोखर मोठे पैसे वाचतात. परंतु अनुदानित महाविद्यालयात बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या मुलीची फी मुळातच काही हजारांत असते. तिचा खरा खर्च महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचा असतो.

‘स्थानिक’ म्हणजे कोण?

याची तीन वर्तुळे कल्पता येतील. पहिले वर्तुळ राज्याचे. फीच्या बहुतेक सवलतींसाठी महाराष्ट्राचा अधिवास हवा, म्हणजे डोमिसाइल. त्या दाखल्यासाठी साधारण १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. अभियांत्रिकीच्या प्रवेशात दहावी-बारावी राज्यातून उत्तीर्ण झालेला आणि राज्यात जन्मलेला किंवा अधिवास असलेला उमेदवार ‘अ’ प्रकारात मोडतो. या वर्तुळाला एक भावनिक अपवादही आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात राहणाऱ्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘इ’ प्रकार ठेवलेला आहे. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने दावा सांगितला आहे, त्या भागातील विद्यार्थी नकाशावर बाहेरचा असला तरी प्रवेशाच्या अर्जात आपला ठरतो.

दुसरे वर्तुळ विद्यापीठाच्या कार्यक्षेत्राचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा. २००४ मध्ये सोलापूरला एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. २०११ मध्ये गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ जवळ आले, ही चांगलीच गोष्ट. पण ‘जवळ’ हाही सापेक्ष शब्द आहे. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे आणि दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात, एकाच विद्यापीठात आहेत.

तिसरे वर्तुळ सर्वांत लहान आणि सर्वांत अडचणीचे आहे. ते म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची हद्द. राहण्या-जेवण्याच्या मदतीचा प्रश्न आला की हे वर्तुळ पुढे येते आणि इथे नियम नेमका उलटा होतो.

राहण्या-जेवण्याची मदत कोणाला?

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ पासून सुरू आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० अशी विभागणी आहे. इतर महसुली विभागांच्या शहरांसाठी ही रक्कम ५१,००० आणि जिल्ह्याच्या इतर ठिकाणांसाठी ४३,००० आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास, भटक्या व विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत.

दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले, तर पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जेवणासाठी महिन्याला ३,२०० आणि राहण्यासाठी २,००० रुपये येतात. पुण्यात २,००० रुपयांत खोली सोडाच, कॉटही सहज मिळत नाही. चौघांनी मिळून एक खोली घेतली, एकाने स्वयंपाकाची जबाबदारी उचलली, तर कसेबसे निभते. तरीही या योजनेने गावाकडच्या हजारो मुलामुलींना शहरात टिकवून धरले आहे, हे नाकारता येत नाही.

या योजनेची एक अट मात्र अर्ज भरताना अनेकांच्या लक्षात येत नाही. महाविद्यालय ज्या महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, त्या ठिकाणचा विद्यार्थी रहिवासी नसावा. अटीमागचे तर्कशास्त्र सरळ आहे. योजना वसतिगृहाला पर्याय म्हणून आहे. ज्याचे घर त्याच शहरात आहे, त्याला वसतिगृहाची गरज नाही. कागदावर हे बरोबर दिसते.

मग शहरातल्या गरीब मुलाला काय मिळते?

समजा, धाराशिव जिल्ह्यातील एक मुलगी आणि हडपसरच्या वस्तीतला एक मुलगा पुण्याच्या एकाच महाविद्यालयात बी.एस्सी.ला आहेत. दोघेही अनुसूचित जातीचे, दोघांच्याही घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत. मुलीला वसतिगृह मिळाले नाही तर ती स्वाधारसाठी अर्ज करू शकते. मुलगा करू शकत नाही. त्याच्यासाठी उरतो तो मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला वार्षिक भत्ता. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साध्या पदवी अभ्यासक्रमाला असलेल्या आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला हा भत्ता वर्षाला ३,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला २५० रुपये. वसतिगृहात राहणाऱ्याला तोच भत्ता ६,००० आहे. व्यावसायिक पदवीसाठी अनुक्रमे ७,००० आणि १३,५०० रुपये आहेत.

या तुलनेतून त्या मुलीला जास्त मिळते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तिला मिळते तेही अपुरे आहे. मुद्दा इतकाच, की ‘घर शहरात आहे’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा धरला गेला आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहत असतील, तर तिथे अभ्यासाला जागा नसते. दुपारचे जेवण बाहेर करावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरी राहणाऱ्या मुलाकडून घरखर्चाला हातभार लावण्याची अपेक्षा असते. तो सकाळी पेपर टाकतो, संध्याकाळी डिलिव्हरीचे काम करतो आणि हजेरी कमी पडली की परीक्षेचा अर्ज अडतो.

हद्दीची रेष हलली तर?

पुण्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. वाघोली हे त्यांपैकीच एक. २०२१ पूर्वी वाघोलीचा विद्यार्थी शिवाजीनगरच्या महाविद्यालयात शिकत असेल, तर नियमाच्या शब्दांनुसार तो दुसऱ्या हद्दीतला होता. एका अधिसूचनेनंतर तो पुण्याचा रहिवासी झाला. वाघोलीहून शिवाजीनगरला जाणारी बस आणि नगर रस्त्यावरची कोंडी मात्र तीच राहिली. याउलट, २०१७ मध्ये महापालिकेत घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. हडपसरपासून काही किलोमीटरवरचा विद्यार्थी पुन्हा ‘बाहेरचा’ झाला.

अंतर, प्रवासाला लागणारा वेळ किंवा घरातली परिस्थिती यांऐवजी हद्द हा निकष ठेवला, की असे होणारच. हद्द तपासायला सोपी असते, एका दाखल्यावर काम भागते. परिस्थिती तपासायला माणसे लागतात.

रोज ये-जा करणाऱ्यांना थोडा आधार मिळतो तो एसटीचा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक-तृतीयांश भाग भरावा लागतो. ग्रामीण भागातील मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास मोफत आहे, पण तो बारावीपर्यंतच. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला तेराव्या वर्षी पाससाठी पैसे मोजावे लागतात.

‘कमवा व शिका’ योजना काय आहे?

इथे विद्यापीठाची भूमिका येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते. विद्यापीठाचे विद्यार्थी विकास मंडळ ती राबवते. विद्यापीठाच्या विभागांबरोबरच संलग्न महाविद्यालयांतही ती आहे. विद्यार्थ्याने दिवसातून ठरावीक तास महाविद्यालयातच काम करायचे आणि त्याचे तासांप्रमाणे मानधन बँक खात्यात घ्यायचे. ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद आणि मांडणी, कार्यालयातील फायली, संगणकावरील माहिती भरणे, प्रयोगशाळेतील तयारी, बागकाम, परिसराची निगा अशी ही कामे असतात. शिवाजी विद्यापीठात या योजनेतील विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोयही आवारातच केलेली आहे.

वर सांगितलेल्या सगळ्या योजनांपेक्षा हिचे वेगळेपण असे, की ती घराचा पत्ता पाहून अर्ज बाद करत नाही. हडपसरचा मुलगा आणि धाराशिवची मुलगी, दोघेही तिला पात्र असू शकतात. जातीच्या दाखल्याशीही ती बांधलेली नाही. गरज हा तिचा मुख्य निकष आहे. काम महाविद्यालयातच असल्याने तासिका बुडत नाहीत, रात्रीचा प्रवास टळतो आणि मुलींच्या घरून विरोध होत नाही. ग्रामीण महाविद्यालयांत मुलींसाठी हा शेवटचा मुद्दा पैशांइतकाच मोठा असतो.

ही कल्पना आली कुठून?

तिचे मूळ शासकीय निर्णयात सापडत नाही. ते वसतिगृहांच्या चळवळीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिले. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते. कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी ते आणखी पुढे नेले. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची सोय करण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले.

मुलांनी स्वतः स्वयंपाक करायचा, शेतात राबायचे, इमारतीसाठी दगड वाहायचे आणि त्या श्रमाच्या बदल्यात शिकायचे, अशी ती पद्धत होती. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा ती महाविद्यालयीन शिक्षणात आली. आजच्या विद्यापीठांतील योजना त्याच परंपरेतल्या आहेत. फरक असा, की भाऊरावांच्या वसतिगृहात श्रमाच्या बदल्यात राहणे, जेवण आणि शिक्षण असे सगळेच भागत होते. आता तासांचे मानधन मिळते आणि ते कशाला पुरवायचे हे विद्यार्थ्याने ठरवायचे असते.

मानधन पुरते का?

दर विद्यापीठागणिक वेगळे आहेत आणि अधूनमधून बदलतात. समजण्यासाठी तासाला ५० रुपये धरू. रोज तीन तास आणि महिन्याला २५ दिवस काम केले, तर ३,७५० रुपये होतात. मेसचे एका महिन्याचे बिल साधारण त्यात निघते, खोलीचे भाडे निघत नाही. घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र ही रक्कम बरीच महत्त्वाची आहे. वार्षिक ३,००० रुपयांच्या भत्त्यापेक्षा जास्त पैसे तो एका महिन्यात मिळवतो.

अडचण आहे ती जागांची आणि सातत्याची. प्रत्येक महाविद्यालयाला ठरावीक विद्यार्थीसंख्या मंजूर होते. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या काळात काम नसते, त्यामुळे मानधनही नसते. भाडे मात्र त्या महिन्याचेही द्यावे लागते. मानधन उशिरा जमा झाल्याच्या तक्रारीही नव्या नाहीत. आणि कामाचा प्रकार हा एक दुर्लक्षित मुद्दा आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीन वर्षे फायलींवर शिक्के मारायला लावले, तर त्याला पैसे मिळतील, अनुभव मिळणार नाही. तोच विद्यार्थी महाविद्यालयाचे संकेतस्थळ किंवा प्रयोगशाळेतील यंत्रणा सांभाळू शकतो. काही विभागांत असे होतेही. ते विभागप्रमुखाच्या इच्छेवर अवलंबून असते.

दुसऱ्या राज्यांत काय आहे?

तमिळनाडूने वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये तिथे ‘पुदुमैप्पेण’ योजना सुरू झाली. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या आणि पुढे उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलीच्या खात्यात दरमहा १,००० रुपये जमा होतात. २०२४ मध्ये मुलांसाठी ‘तमिळ पुदल्वन’ ही तशीच योजना आली. मुलगी वसतिगृहात राहते की घरी, शहरातली की गावातली, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही. सरकारी शाळेत शिकली म्हणजे गरज आहे, असे धरले जाते. वर्षाला १२,००० ही रक्कम स्वाधारच्या ६०,००० पेक्षा फारच लहान आहे. पण ती दरमहा मिळते.

दरमहा मिळणे हा बारकावा वाटतो तितका लहान नाही. आपल्याकडील बहुतेक रकमा हप्त्यांनी आणि अनेकदा वर्ष उलटताना येतात. खोलीमालक आणि मेसवाला तोवर थांबत नाहीत. मधल्या काळात पालक उसने घेतात किंवा मुलगा गावी परततो. वर्षअखेरीस आलेले ६०,००० रुपये बऱ्याचदा शिक्षणाऐवजी उधारी फेडण्यात जातात.

अर्ज नेमका कुठे अडकतो?

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरले जातात. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनवर जातो, तिथून संबंधित विभागाकडे. विद्यार्थ्याला स्क्रीनवर ‘प्रलंबित’ दिसते तेव्हा तो समाजकल्याण कार्यालयात चकरा मारू लागतो. अनेकदा अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाच्या टेबलावरच असतो. त्यामुळे पहिली चौकशी तिथे करावी.

दुसरा घोळ आधारचा. खात्याला आधार ‘लिंक’ असणे आणि आधार ‘सीड’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका व्यक्तीची चार बँकांत खाती असतील आणि चारही ठिकाणी आधार क्रमांक दिलेला असेल, तरी थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम एकाच खात्यात जाते. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यादीत शेवटचे जे खाते आधारशी जोडले गेले, ते हे खाते असते. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला याने फरक पडत नाही. दहावीत शाळेने उघडून दिलेल्या आणि नंतर बंद पडलेल्या खात्यात पैसे जाण्याचे किंवा परत जाण्याचे प्रकार यातूनच होतात. आपले कोणते खाते सीड आहे, हे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरण्याआधी ते पाहून घ्यावे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राच्या ६० टक्के वाट्याची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. त्यात महाविद्यालयाची फीही असते आणि ती ठरावीक दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. घरातल्या एखाद्या निकडीला ते पैसे वापरले गेले, तर पुढे गुणपत्रक किंवा शाळा सोडल्याचा दाखला घेताना वाद उभा राहतो.

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा आणि चालू वर्षाचा लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात पडताळणी प्रमाणपत्र हवे. स्वाधारसाठी आपण भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हे अर्ज दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरण म्हणून करावे लागतात. पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप पुढे जात नाही. ‘कमवा व शिका’चा अर्ज मात्र पोर्टलवर नसतो. तो वर्षाच्या सुरुवातीला महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हे पद सांभाळणारे प्राध्यापक कोण, हे सूचनाफलकावर किंवा माहितीपत्रकात मिळते. जागा भरल्या असतील तरी अर्ज देऊन ठेवावा. काही जण पहिल्या सत्रानंतर काम सोडतात आणि ती जागा भरताना हाताशी असलेले अर्ज पाहिले जातात.